पहिल्याच दिवशी घसारा

वाणिज्य शाखेचा पदवीधर चित्रकलेवर बोलू लागला की लोक चुळबुळ करतात, हे मला ठाऊक आहे. शाळेत मी काढलेल्या गणपतीला ड्रॉइंगच्या सरांनी 'हत्ती बरा आला आहे' असा शेरा दिला, तेव्हा मिटलेली रंगपेटी मी अजून उघडलेली नाही. पण आता प्रकरण चित्रकलेचं राहिलेलं नसून हिशेबाचं झालं आहे, आणि हिशेबावर बोलायचा हक्क मी बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं खुर्ची झिजवून मिळवला आहे.

झालं असं, की आमच्या गल्लीतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी दिवेआगरला सहल ठरवली. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी बोलताना आम्हाला मागचं अर्धं नाव पुरतं. तर या नगरच्या माणसाला समुद्राचं भारी अप्रूप. आमच्याकडे लाटा येतात त्या उन्हाच्या! म्हणून मग सगळ्यांना सारखे टी-शर्ट हवेत, त्यावर समुद्राचं चित्र हवं, आणि ते 'व्हिंटेज' हवं, असा ठराव एकमतानं पास झाला. व्हिंटेज म्हणजे काय, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. त्यात मीही आलो.

काम माझ्या भाच्याकडे आलं. रविवारी तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला आणि मी चहाचा कप घेऊन शेजारी बसलो. सॉफ्टवेअरचं नाव इंकस्केप. ते फुकट मिळतं हे कळल्यावर माझा आदर वाढला. फ्लेक्सवाल्यांकडे असतं ते कोरलड्रॉही याच जातीचं. यात चित्र ठिपक्यांनी साठवत नाहीत, रेषांच्या गणितानं साठवतात. त्यामुळे पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सएवढं केलं तरी फाटत नाही. रेषेवर जागोजागी बिंदू असतात आणि त्यांना दांड्या फुटलेल्या असतात. दांडी ओढली की रेषा वाकते.

"मामा, ही बेझिए वक्ररेषा," भाचा म्हणाला. पिएर बेझिए हा फ्रान्समधल्या रेनॉ मोटार कारखान्यातला इंजिनिअर. १९६०च्या दशकात मोटारीच्या बॉडीचे वळसे आखायला त्यानं ही रेषा वापरली. मोटारीसाठी राबलेली रेषा, आणि आम्ही तिला नारळाला जुंपली होती!

इथवर माझी काही तक्रार नाही. भाच्यानं एक गोल काढला, तो सूर्य झाला. त्यावर आडव्या पट्ट्या ठेवल्या, खाली जाड आणि वर बारीक, आणि त्या गोलातून वजा केल्या. सूर्य काकडीसारखा कापला गेला. मग दोन झाडं आली. एक काढलं आणि दुसरं त्याचंच उलटं करून ठेवलं. मोहरीचा पिवळा, विटकरी, तपकिरी असे मोजके रंग भरले आणि वर कमानीत अक्षरं बसवली. चित्र झकास झालं.

आणि मग तो म्हणाला, "आता हे खराब करतो."

चहा माझ्या शर्टावर सांडला. त्यानं कुठूनसा भेगांचा आणि पोपड्यांचा एक नमुना आणला, चित्रावर पसरला आणि बटण दाबलं. सूर्याला खरूज झाली. झाडांची सालं निघाली. जे चित्र पाच मिनिटांपूर्वी जन्मलं होतं, ते पन्नास वर्षं खुंटीला लटकून विटल्यासारखं दिसू लागलं. खाली त्यानं लिहिलं : 'सिन्स १९७४'. आमची फिरायला जाणारी मंडळी जमायला लागली २०१९ साली. १९७४ साली त्यातले निम्मे जन्मलेच नव्हते!

इथे माझ्यातला कारकून उठून उभा राहिला.

वाचकहो, वस्तू वापरली की झिजते, त्या झिजेला आम्ही घसारा म्हणतो. तो स्थिर हप्ता पद्धतीनं काढा, नाहीतर घटत्या शिल्लक पद्धतीनं काढा, पण त्याआधी वस्तू वापरावी लागते. खरेदीच्या दिवशीच पन्नास वर्षांचा घसारा लावणारी पद्धत मला बी. कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुणी शिकवली नाही. आणि मागच्या तारखेची नोंद? मी एक व्हाउचर तीन दिवस मागच्या तारखेनं टाकलं, तर मला खुलासा द्यावा लागतो. इथे पंचेचाळीस वर्षं मागे टाकलं, त्याला म्हणे डिझाइन!

तुम्ही म्हणाल, मौजेची गोष्ट आहे, कशाला एवढं ताणता? ताणतो, कारण व्हाउचरशिवाय नोंद नाही हा आमचा धर्म आहे. जुन्या चित्रांतल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं. जुन्या प्रवासी जाहिरातींत रंग चारपाचच का? तर दगडावरच्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे आणि स्क्रीनच्या छपाईत वेगळी जाळी. रंग वाढला की खर्च वाढला! म्हणून चित्रकारानं थोडक्या रंगांत आकार ठसठशीत काढले. कागद विटला तो उन्हानं आणि फाटला तो घडीवर. आमच्या सूर्याची खरूज कुठल्या उन्हाची? आणि ती झाडं तरी दिवेआगरची कुठे होती? ताडमाड उंच, डोक्यावर चिमूटभर झुपका. पंख्यासारख्या पानांची ही झाडं कॅलिफोर्नियात रस्त्याकडेला उभी असतात, त्यांना नारळ धरत नाही. दिवेआगरला सुरूचं बन आहे, नारळीपोफळीच्या वाड्या आहेत. पण सुरूचं झाड टी-शर्टवर कोण घेतो!

जुनं हवं ना? मग नगरच्या माणसाला उसनं आणायची गरज काय? आपल्या राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी धावली ती नगर आणि पुणे यांच्या दरम्यान. लाकडी बॉडी आणि वर कापडी छत. त्या गाडीची तारीख खरी, रस्ता खरा, धूळ खरी. आणि बेझिएची रेषाही मोटार काढायला मिळाली म्हणून सुखावली असती. मी हे बैठकीत मांडलं. "एसटीनं समुद्रावर जायचं? आपण तर ट्रॅव्हल्स ठरवलीय," असं म्हणून ते फेटाळण्यात आलं.

मी गप्प बसलो असतो, पण त्याच आठवड्यात आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची पाटी उतरली. पत्र्यावर हातानं रंगवलेली पाटी, लाल अक्षरं आणि त्यांना निळी सावली. मला पहिली अक्षरं लावता आली ती तिच्यावरची. तिच्या जागी फ्लेक्स लागला. पाटी मागच्या बोळात कोंबड्यांच्या खुराड्यावर गेली. म्हणजे खरा घसारा खुराड्यावर, आणि खोटा आमच्या छातीवर, तोही पैसे मोजून!

भाच्याला घेऊन बोळात गेलो. त्यानं पाटीचा फोटो काढला आणि अक्षरांवरून बिंदू टाकत एकेक रेषा संगणकात उतरवली. ती रंगवणारे पेंटरकाका जुन्या गल्लीत राहतात, आता ब्रश हाती धरत नाहीत. त्यांना दाखवायला गेलो. त्यांनी लॅपटॉप डोळ्यांपासून लांब धरला. दोरी निळीत बुडवून पत्र्यावर ओळ कशी मारायची, सावली नेहमी एकाच बाजूला का पाडायची, हे भाच्याला सांगत राहिले. बोलता बोलता भाच्यानं 'भांडार'मधला वाकडा काना दाखवला आणि म्हणाला, "काका, हा एका क्लिकमध्ये सरळ करतो."

"नको," काका म्हणाले. "तिथं शिडी हलली होती."

भाच्यानं हात मागे घेतला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं चोख व्हाउचर माझ्या टेबलावर आलं नाही.

टी-शर्ट अखेर सूर्य आणि ताडांचेच निघाले, लोकशाहीपुढे कारकुनाचं काय चालतं? दोन गोष्टी मात्र मी भांडून मिळवल्या. सालाच्या जागी २०१९ आलं, आणि पाठीवर गावाचं नाव पेंटरकाकांच्या अक्षरांत आलं. सहलीहून आल्यावर शर्ट इस्त्रीला दिला, तर इस्त्रीवाला संध्याकाळी ओशाळवाणा होऊन दारात उभा. "साहेब, पुढचा रंग माझ्याकडून उडाला नाही, आधीच उडालेला होता."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आणि पाठीमागचा?"

"त्याला काय धाड भरलीय? फक्त एक काना वाकडा आहे."