फिश टँकचा पंप, बुटांचा डबा आणि बाळाचा श्वास: विद्यार्थ्यांचा 'प्रोजेक्ट' हॉस्पिटलच्या वॉर्डपर्यंत पोहोचतो कसा?

घरात फिश टँक असेल तर तो छोटा पंप तुम्ही पाहिला असेल. दिवसरात्र गुरगुरत पाण्यात बुडबुडे सोडत असतो. तसेच दोन पंप घ्यायचे, प्लास्टिकच्या बुटांच्या डब्यात बसवायचे, त्यातून एक नळी काढायची आणि ती वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या नाकाला लावायची.

ऐकायला भन्नाट वाटतं आणि थोडी भीतीही वाटते. पण २०१०च्या सुमारास अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या राइस युनिव्हर्सिटीत फायनल इयरच्या पोरांनी नेमकं हेच केलं. त्या डब्यातून पुढे जे यंत्र तयार झालं त्याचं नाव 'पुमानी'. मलावीच्या चिचेवा भाषेत याचा अर्थ होतो 'निवांत श्वास घे'. आज हे यंत्र मलावीच्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये वापरात आहे.

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हटला की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. ब्लॅक बुक बाइंड करायची, व्हायवा द्यायचा आणि मॉडेल डिपार्टमेंटच्या कपाटावर धूळ खात ठेवायचं. मग या पोरांच्या डब्याचं वेगळं काय झालं?

आधी प्रॉब्लेम समजून घेऊ

बाळ वेळेआधी जन्मलं की त्याची फुप्फुसं पूर्ण तयार नसतात. फुप्फुसांमधल्या हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा सरफॅक्टंट नावाचा पदार्थ पुरेसा बनलेला नसतो. त्यामुळे प्रत्येक श्वास सोडला की या पिशव्या मिटतात आणि पुढच्या श्वासाला त्या पुन्हा फुगवाव्या लागतात. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जोरात मारावी लागते, आठवतंय? या बाळांना तेवढा जोर दर श्वासाला लावावा लागतो. काही तासांतच ती थकतात.

यावरचा उपाय डॉक्टरांना दशकांपासून माहीत आहे. त्याला सीपॅप म्हणतात. नाकातून हलक्या दाबाची हवा सतत सोडत राहायची, म्हणजे पिशव्या पूर्ण मिटतच नाहीत. त्यातला 'बबल सीपॅप' हा प्रकार तर फारच साधा आहे. बाळाच्या नाकाकडून येणाऱ्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवायचं. टोक जितके सेंटिमीटर खोल, तितका दाब जास्त. सहा सेंटिमीटर खोल बुडवलं तर सहा सेंटिमीटर पाण्याइतका दाब. कुठलंही मीटर बघावं लागत नाही. बुडबुडे येत आहेत ना, मग दाब मिळतोय.

एवढं सोपं असेल तर अडलं कुठे? अडलं हवेत. मोठ्या हॉस्पिटलच्या भिंतीतून दाबाखालची हवा पाइपने येते. मलावीच्या जिल्हा रुग्णालयात ती सोय नव्हती. बाजारात मिळणाऱ्या बबल सीपॅपची किंमत सुमारे सहा हजार डॉलर होती. नुसता ऑक्सिजन द्यावा तर पिशव्या उघड्या राहत नाहीत, आणि ऑक्सिजन जास्त झाला तर अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यालाही धोका असतो. म्हणजे स्वस्तात सतत हवा ढकलणारी, न थांबणारी एखादी वस्तू हवी होती.

आणि जगभरच्या दुकानांत ती वस्तू फिश टँकच्या सेक्शनमध्ये पडून होती.

'क्लायंट' म्हणजे नेमकं कोण?

बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या अनेक कोर्सेसमध्ये आता एक पद्धत रुळली आहे. विषय प्राध्यापक देत नाहीत. डॉक्टर, नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट आपली अडचण घेऊन येतात आणि विद्यार्थ्यांचे गट त्यांना 'क्लायंट' मानून काम करतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन युनिव्हर्सिटीत तर ग्रॅज्युएशनच्या सुरुवातीच्या वर्षांपासूनच हे सुरू होतं. यंत्र किती वजनाचं हवं, किती वेळ चालायला हवं, कुठल्या द्रवाने पुसलं तरी खराब व्हायला नको, हे सगळं आधी कागदावर लिहून क्लायंटशी पक्कं करायचं. स्क्रू-ड्रायव्हर त्यानंतर.

यात एक गोम आहे. क्लायंट जे मागतो तेच त्याला हवं असतं असं नाही.

याचं गाजलेलं उदाहरण स्टॅनफर्डचं आहे. २००७ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला काम मिळालं ते स्वस्त इन्क्युबेटर बनवण्याचं. नेहमीचा इन्क्युबेटर सुमारे वीस हजार डॉलरचा, यांनी तो एक टक्का किमतीत करायचा. गटातला एक जण नेपाळला गेला. काठमांडूच्या हॉस्पिटलात दान मिळालेले इन्क्युबेटर चक्क रिकामे होते. कारण बाळं जन्मत होती दूरच्या गावांत, आणि हॉस्पिटलपर्यंत पोहोचण्याआधीच दगावत होती. प्रश्न किमतीचा कमी आणि अंतराचा जास्त होता. मग त्यांनी इन्क्युबेटरचा नाद सोडला आणि बाळाला गुंडाळायची छोटी स्लीपिंग बॅग बनवली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाची पिशवी असते. ती एकदा गरम केली की काही तास ३७ अंशांच्या आसपास ऊब देते. हेच ते 'एम्ब्रेस'.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या घरचा आहे. टीम भारतात आली तेव्हा पिशवीवर तापमानाचा आकडा दिसत होता. महाराष्ट्रातल्या एका गावात एका आईने सांगितलं की, डॉक्टरांचं औषध जहाल असतं, म्हणून आम्ही सांगितलेल्यापेक्षा निम्मंच देतो. म्हणजे पिशवी ३७ पर्यंत तापवा म्हटलं असतं, तर बाळाच्या काळजीपोटीच ती ३० वर ठेवली गेली असती! मग टीमने आकडा काढून टाकला आणि 'ठीक आहे' किंवा 'ठीक नाही' एवढंच सांगणारी खूण ठेवली. बाहेरून आलेल्या माणसाला हा प्रकार अडाणीपणा वाटेल. पण आपल्यापैकी किती जणांच्या घरात सिरपचं झाकण 'जरा कमीच' भरलं जातं, ते आठवा.

आता आकडे बघू, कारण खरी गोष्ट तिथे आहे

पुमानीची परीक्षा ब्लांटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये झाली. २०१४ मध्ये 'प्लॉस वन' या जर्नलमध्ये निष्कर्ष आले. श्वासाचा त्रास असलेली एकूण ८७ बाळं. त्यातल्या ६२ जणांना बबल सीपॅप मिळाला आणि २५ जणांना फक्त ऑक्सिजन. ऑक्सिजनवरची ४४ टक्के बाळं जगली, सीपॅपवरची ७१ टक्के. अगदी कमी वजनाच्या बाळांमध्ये फरक आणखी मोठा होता.

व्हायरल पोस्ट सहसा इथेच संपते. 'विद्यार्थ्यांच्या जुगाडाने वाचवले हजारो जीव', खाली हार्टचे इमोजी, विषय संपला.

पण आपण जरा पुढे जाऊ. एक तर या अभ्यासात बाळांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, संख्याही लहान होती. आणि हे होतं देशातलं मोठं शिकवणारं हॉस्पिटल, जिथे बालरोगतज्ज्ञ हजर असतात. मग हेच यंत्र देशभरातल्या २६ हॉस्पिटलांत गेल्यावर काय झालं? त्याचे आकडे २०१९ मध्ये 'पीडियाट्रिक्स' जर्नलमध्ये आले. श्वासाच्या त्रासावर उपचार घेणाऱ्या नवजात बाळांमध्ये जगण्याचं प्रमाण ४८.६ टक्क्यांवरून ५४.५ टक्के झालं.

सुधारणा आहेच. शंभरातली सहा बाळं जास्त घरी गेली, ही काही छोटी गोष्ट नाही. पण पहिल्या अभ्यासातली २७ टक्क्यांची झेप कुठे आणि ही सहा टक्के कुठे! यंत्र तेच, मग फरक कुठून आला? एक धागा तापमानाचा होता. अंग थंड पडलेल्या बाळांची जगण्याची शक्यता कमी दिसली. म्हणजे श्वासाचं यंत्र उत्तम चाललं, पण शेजारी वॉर्मर नाही, खोली गार आहे आणि एका नर्सकडे कितीतरी बाळं आहेत, तर बुडबुडे एकटे काय करणार?

यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारा निकाल त्याच वर्षी आला, तोही मलावीचाच. सलिमा जिल्ह्यातल्या रुग्णालयात एक महिना ते पाच वर्षं वयाच्या, गंभीर न्यूमोनिया झालेल्या मुलांवर बबल सीपॅपची चाचणी झाली. इथे गट व्यवस्थित पाडले होते आणि मुलं होती ६४४. साध्या ऑक्सिजनवरच्या गटात ११ टक्के मुलं दगावली, सीपॅपच्या गटात १७ टक्के. चाचणी मधेच थांबवावी लागली. तिथे रोज डॉक्टरांची देखरेख नव्हती.

इथे गल्लत नको. ही मुलं नवजात नव्हती, आजार वेगळा होता, त्यामुळे या निकालावरून पुमानी वाईट ठरत नाही. पण जे तंत्र एका वॉर्डात जीव वाचवतं, तेच दुसऱ्या जिल्ह्यात, वेगळ्या वयाच्या मुलांवर आणि डॉक्टरांशिवाय वापरलं तर नुकसान करू शकतं, हे या आकड्यांतून दिसतं. 'स्वस्त आहे, साधं आहे, वाटून टाका' म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचायला हवा.

बक्षीस मिळालं, बाळाला यंत्र नाही मिळालं

विद्यार्थ्यांना सोबत घेऊन काम करणाऱ्या 'डिझाइन दॅट मॅटर्स' या अमेरिकी संस्थेने एक भारी कल्पना काढली होती. गरीब देशांत इन्क्युबेटर दुरुस्त करायला कुणी नसतं, पण गाड्या दुरुस्त करणारे मेकॅनिक सगळीकडे असतात. मग इन्क्युबेटरच गाडीच्या पार्ट्सपासून का बनवू नये? उष्णता हेडलाइटची आणि अलार्म गाडीचं दार उघडं राहिल्यावर वाजतो तो. 'निओनर्चर' असं त्याचं नाव. २०१० मध्ये 'टाइम' मासिकाने वर्षातल्या ५० सर्वोत्तम शोधांमध्ये त्याचा समावेश केला.

त्याचं उत्पादन मात्र कधीच झालं नाही. संस्थेचे प्रमुख टिमथी प्रेस्टेरो यांनी पुढे टेड टॉकमध्ये हे अपयश मोकळेपणाने कबूल केलं. यंत्र वापरणारा कोण याचा विचार झाला होता, पण ते बनवणार कोण आणि विकत घेणार कोण, हे प्रश्न राहून गेले होते. नंतर त्यांनी काविळीच्या बाळांसाठी 'फायरफ्लाय' हे प्रकाशाचं यंत्र बनवलं, तेव्हा व्हिएतनाममधला उत्पादक आधीपासून सोबत घेतला. त्यात एकच बाळ मावेल एवढी जागा मुद्दाम ठेवली. मोठी जागा दिसली की गर्दीच्या वॉर्डात दोन-तीन बाळं एकत्र ठेवली जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्याकडे काय चाललंय?

आयआयटी मुंबईत 'बेटिक' हे केंद्र याच कामासाठी आहे. राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने ते उभं राहिलं, आणि पुण्याचं सीओईपी व नागपूरचं व्हीएनआयटीही त्यात जोडले गेले. डॉक्टर आपली अडचण मांडतात आणि इंजिनिअर त्यावर काम करतात. इथून निघालेला स्मार्ट स्टेथोस्कोप २०२० मध्ये बातम्यांत होता. पीपीई किट घातलेल्या डॉक्टरांना कानात स्टेथोस्कोप लावणं कठीण, म्हणून छातीचे आवाज ब्लूटूथने लांबून ऐकायची सोय. तेव्हा असे एक हजार स्टेथोस्कोप देशभरातल्या हॉस्पिटलांना पाठवले गेले.

पण असं किती वेळा होतं? कॉलेजचा प्रोजेक्ट एका सेमिस्टरचा किंवा फार तर वर्षाचा असतो. मेडिकल डिव्हाइसचा प्रवास त्याहून बराच लांबचा. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ नुसार उपकरणं धोक्याप्रमाणे ए, बी, सी आणि डी अशा वर्गांत विभागली जातात. ए आणि बी वर्गाला ऑक्टोबर २०२२ पासून आणि सी व डी वर्गाला ऑक्टोबर २०२३ पासून लायसन्स सक्तीचं झालं. माणसांवर चाचणी घ्यायची तर एथिक्स कमिटीची परवानगी हवी. तोपर्यंत ज्या पोरांनी यंत्र बनवलं, ती कुठल्यातरी आयटी कंपनीत रुजू झालेली असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, घरचे हप्ते प्रोटोटाइप भरत नाही.

'मग नियमच सैल करा' असं कुणी म्हटलं तर भंडारा आठवा. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु विभागात आग लागली आणि १० बाळं गेली. वॉर्मरच्या कंट्रोल पॅनलमध्ये बिघाड झाल्याचं चौकशीत पुढे आलं. बाळापासून वीतभर अंतरावर विजेवर चालणारी वस्तू ठेवायची, तर तिची तपासणी कडकच हवी. माझ्या मते कमतरता नियमांच्या आधीच्या टप्प्यावर आहे. प्रोजेक्ट संपल्यावर तो पुढे नेणारं कुणीतरी पगारी माणूस कॉलेजमध्ये असायला हवं. राइसमध्ये तेच झालं. पोरं पास होऊन गेली, पण प्राध्यापक रेबेका रिचर्ड्स-कॉर्टम आणि मारिया ओडेन यांच्या टीमने काम सोडलं नाही. कॅलिफोर्नियातल्या थर्ड स्टोन डिझाइन कंपनीने डब्याचं रूपांतर विकता येईल अशा यंत्रात केलं.

आणि यंत्र वॉर्डात पोहोचल्यावरही गोष्ट संपत नाही. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०११ मध्ये गरीब देशांतल्या सुमारे १ लाख १२ हजार वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यातली ३८ टक्के बंद होती. कुठे सुटा भाग मिळत नाही, कुठे वापरायचं कसं हे कुणी शिकवलेलं नसतं.

मलावीत यावर काम सुरू आहे. ब्लांटायरच्या पूर्वीच्या पॉलिटेक्निकमध्ये आता विद्यार्थ्यांसाठी डिझाइन स्टुडिओ आहे आणि राइसची पोरं तिथल्या पोरांसोबत काम करतात. क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल त्याच शहरात आहे. क्लायंटला एखादी गोष्ट पटली नाही, तर तो दुपारी येऊन सांगू शकतो.