माळाला पडीक म्हणू नका



गेल्या जुलैत आमच्या शाळेने माळावर झाडे लावली. एका मुलाला एक रोप. माझ्या वाट्याला गिरिपुष्पाचे आले. मी कुदळ उचलली तोच एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. परत आली, परत ओरडली. मी खाली बघितलं तर पायाजवळ चार अंडी! घरटे नाही की काडी नाही, नुसती खड्यांत ठेवलेली, आणि रंगही खड्यांसारखाच. मी गुरुजींना हाक मारली. गुरुजींनी तिथला खड्डा रद्द केला. पण बाकीचे खड्डे झालेच. त्या जागी काय होते ते कुणी वाकून पाहिले नाही.

घरी सांगितले तर आजोबा म्हणाले, "आरं देवा, माळावर झाडं लावली तर मेंढरांनी खायचं काय?" आजोबांची मेंढरं आहेत म्हणून ते असे म्हणतात असे मला आधी वाटले. आता वाटते की त्यांचे बरोबर आहे.

आमचा जिल्हा सोलापूर. आमच्या जिल्ह्यात नान्नजला माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे, ते १९७९ साली झाले. माळढोक उभा राहिला तर जवळजवळ मीटरभर उंच. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते, म्हणजे आमच्या अंगणवाडीतल्या पोराएवढे. एवढा मोठा पक्षी, पण मादी वर्षाला बहुतेक एकच अंडे घालते, आणि तेही टिटवीसारखे उघड्या जमिनीवर. त्याला झाडी नको, दूरवर दिसेल असे गवत पाहिजे. आमच्या वर्गात गुरुजींनी विचारले, माळढोक कुणी पाहिला आहे? एकाचाही हात वर झाला नाही. आजोबांनी लहानपणी पाहिला आहे. आता सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास राहिले, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत.

त्याला मारायचे नाही असा कायदा १९७२ पासून आहे. त्याचे नाव वन्यजीव संरक्षण कायदा. तरी पक्षी कमी का झाले? बंदुकीने कमी झाले तसे माळ नांगरले म्हणूनही झाले, आणि माळावर झाडे लावली म्हणूनही झाले. आता विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे बाजूला असतात, त्याला समोरचे नीट दिसत नाही. अंग जड, त्यामुळे पटकन वळताही येत नाही. तो तारेवर आदळून मरतो.

मोठी माणसे अभयारण्याचे नाव काढले की रागावतात, तेही मला ठाऊक आहे. आधी ते आठ हजारांहून जास्त चौरस किलोमीटर होते, त्यात गावेच्या गावे आली आणि लोकांच्या जमिनीचे व्यवहार अडले. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. कायदा करताना लोकांना विचारले नाही तर लोक पक्ष्यावरच राग काढतात. पक्ष्याने काय केले?

आता हवामान बदलत आहे. पाऊस वेळेवर येत नाही, आला तर एकदम येतो. म्हणून कोळशाऐवजी सूर्यापासून वीज करतात. ही वीज मलाही पाहिजे, कारण माझे वडील रात्री बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला जातात आणि मला सापाची भीती वाटते. पण सूर्याची वीज करायला मोकळी जागा लागते, आणि ती वीज न्यायला तारा लागतात. माळढोकाची जागा तीच. हे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. रणजितसिंह यांनी १९७२ चा कायदा तयार करायला मदत केली होती, त्यांनीच हा दावा लावला. २०२१ साली न्यायालय म्हणाले, राजस्थान आणि गुजरातमध्ये तारा जमिनीखालून न्या. २०२४ साली न्यायालयाने तो हुकूम बदलला. सगळ्या तारा खाली घालणे जमत नाही, म्हणून तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात न्यायालयाने सांगितले की हवामानबदलाच्या त्रासापासून सुरक्षित राहणे हा माणसाचा हक्क आहे, पण त्यासाठी आपल्या देशात एक असा वेगळा कायदा नाही.

मला वाटते असा कायदा झालाच पाहिजे. पण त्यात फक्त झाडे मोजू नयेत. जंगलांसाठी १९८० चा कायदा आहे. तो २०२३ साली बदलला, तेव्हा त्याच्या सुरुवातीला हवामानाचे घातले. जंगल आणि झाडे वाढवून २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषायचा, असे त्यात आहे. गुरुजींनी फळ्यावर एक अब्ज लिहून दाखवला, एकावर नऊ शून्ये! हे चांगलेच आहे. पण झाडेच मोजायची ठरली तर मोकळा माळ दिसला की कुणालाही तिथे झाड लावावेसे वाटणार. आम्ही तेच केले. गवतसुद्धा कार्बन धरून ठेवते, मुळ्यांतून जमिनीत ठेवते. वरचे गवत मेंढरांनी खाल्ले तरी मुळ्या खाली राहतात. हे वरून दिसत नाही म्हणून लोक माळाला पडीक म्हणतात. आमच्या सातबारावरही तसेच लिहिले आहे, वडिलांनी दाखवले.

माळावर काळवीट आहे, लांडगा आहे, खोकड आहे, चंडोल आहे. पडीक कसला?

टिटवीचे सांगायचे राहिले. मी शाळा सुटल्यावर रोज लांबून बघत होते. एक दिवस तिथे अंडी नव्हती, तीन पिल्ले आईमागे पळत होती. चौथे दिसले नाही. माझे रोप मी आमच्या बांधावर लावले, ते जगले. माळावरची बहुतेक मार्चमध्ये वाळली. तिथे पाणी घालायला कोण जाणार?

येत्या जुलैत पुन्हा माळावरच झाडे लावायची असे ऐकते. मुलांना ग्रामसभेत बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. पालकांनी ग्रामसभेत सांगावे की झाडे ओढ्याच्या काठी लावा, शाळेच्या मागे लावा, बांधावर लावा. एस. टी.च्या थांब्यावर तर एकही झाड नाही. आज कार्यक्रम संपल्यावर तुम्ही सगळे तिथेच उन्हात उभे राहणार आहात.

— इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक ११