गुण कानाला द्या

कार्यानुभवाच्या तासाला सध्या आपण मातीचे मग करतोय. जो तो नक्षीच्या मागे लागलाय. कुणी मोर काढतो, कुणी वेल. माझे मत असे की, नक्षीला गुण थोडे अन् कानाला जास्त द्यावेत.

कान नुसता चिकटवला तर वाळताना माती आकसते आणि सांध्याला चीर जाते. म्हणून दोन्हीकडे आधी ओरखडे काढावेत, पातळ चिखल लावावा, नंतर कान दाबून बसवावा आणि सावलीत सावकाश वाळवावा.

कुणी म्हणेल, आपले मग शोभेचेच, त्यात चहा कोण पिणार? खरे आहे. चिनी मातीची लोणच्याची बरणी सुमारे 1200 अंश सेल्सिअसला भाजतात, म्हणून ती झिरपत नाही. कुंभाराच्या आव्यात एवढी धग होत नाही. पण शोभेचा मगसुद्धा कानालाच धरून उचलतात ना! कान निसटला तर मोरासकट मग फुटेल.

शिवाय चित्रकला सगळ्यांना येत नाही. सांधा मात्र मन लावून केला तर पहिलीच्या पोरालाही जमतो. तेव्हा गुरुजींना विनंती, मग तपासताना आधी कान धरून उचलून पाहावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी