देशाच्या नावाने गाणार कोण?

२० सप्टेंबर २०२५ रोजी मॉस्कोलगतच्या एका विशाल सभागृहात ‘इंटरव्हिजन’ या नावाची आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धा झाली. भाग घेणारे म्हणून ज्या तेवीस देशांची नावे जाहीर झाली होती, त्यांत भारताचेही नाव होते. रौहान मलिक या तरुण गायकाने ‘इश्क’ हे गीत भारताच्या वतीने तेथे गायिले. पहिले पारितोषिक व्हिएतनामच्या डुक फुक या गायकास मिळाले. किर्गिझस्तान दुसरा आणि कतार तिसरा आला. एवढ्या मोठ्या समारंभात भारताच्या नावाचा पुकारा झाला, पण भारतात त्याचा पडसाद काय उमटला? पिंपरीच्या बाजारात, चिंचवडच्या चापेकर चौकात किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून दहा माणसांना विचारावे. त्यांतील एकाने जरी ‘हो, मला ठाऊक आहे’ असे उत्तर दिले, तरी आम्हांस आश्चर्य वाटेल. क्रिकेटच्या संघात अकरावा खेळाडू कोण असावा यावरून आमच्याकडे चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद रंगतो. मग देशाच्या नावाने गाणारा कंठ कोणाचा असावा, याविषयी देशाला काहीच म्हणावयाचे नसावे काय?

त्या तरुण गायकाला आम्ही रतिमात्र दोष देत नाही. त्याला संधी मिळाली, ती त्याने घेतली. प्रश्न गायकाचा नाही, निवडीचा आहे. आणि तो समजून घ्यावयाचा, तर ही स्पर्धा कोणाची आणि कशासाठी, हे आधी पाहिले पाहिजे.

युरोपातील देशांच्या नभोवाणी संस्थांनी ‘युरोव्हिजन’ ही गीतस्पर्धा १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सुरू केली. तेव्हा तीत अवघे सात देश होते. पुढे तिचा विस्तार झाला, १९९४ पासून रशियाही तीत उतरू लागला. परंतु २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन सैन्य युक्रेनमध्ये घुसले आणि दुसऱ्याच दिवशी युरोव्हिजनची दारे रशियाला बंद झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, रशियाच्या अध्यक्षांनी आदेश काढून ‘इंटरव्हिजन’चे पुनरुज्जीवन केले. म्हणजे ही निव्वळ गाण्याची मैफल नव्हे. ज्याला एका पंगतीतून उठविले, त्याने मांडलेली ही दुसरी पंगत आहे.

आमच्या औद्योगिक पट्ट्यातील वाचकांना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना आहे, मर्सिडीज-बेंझचाही आहे. याच कंपन्यांचे कारखाने रशियातही होते. फोक्सवॅगनचा कालुगा येथे, मर्सिडीजचा मॉस्कोजवळ. युद्ध सुरू होताच तेथील काम थांबले आणि २०२३ मध्ये ते दोन्ही कारखाने विकून या कंपन्या रशियातून बाहेर पडल्या. ज्या भेगेने मोटारींचे कारखाने बंद पाडले, त्याच भेगेने गाण्याचे व्यासपीठही दुभंगले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने रशियन तेलाच्या खरेदीचे कारण पुढे करून भारतीय मालावर आणखी पंचवीस टक्के आयातशुल्क लादले. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच भारताचा गायक मॉस्कोच्या रंगमंचावर उभा होता. या दोन बातम्या वर्तमानपत्राच्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. पण त्या एकाच जगाच्या आहेत.

मग भारताने तेथे जावयास नको होते काय? असे म्हणणारे काहीजण आहेत. आम्ही त्यांच्यातले नाही. गाण्याची स्पर्धा राजकारणापासून सोवळी असते, हा भ्रम आधी टाकून दिला पाहिजे. इंटरव्हिजनमध्ये अमेरिकेच्या नावाने गाणारी गायिका ऐनवेळी रंगमंचावर आलीच नाही. ती ऑस्ट्रेलियाची नागरिक असल्याने तेथील सरकारचा दबाव आला, असे संयोजकांनी सांगितले. यजमान रशियाच्या गायकाने आपल्याला गुण देऊ नयेत अशी परीक्षकांना विनंती केली. या सौजन्यातही मुत्सद्देगिरीचा भाग होताच. पण युरोव्हिजन तरी काय अधिक शुद्ध आहे? इस्रायलच्या सहभागाच्या प्रश्नावरून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड या पाच देशांनी २०२६ च्या स्पर्धेतून अंग काढून घेण्याचा निर्णय २०२५ च्या डिसेंबरात जाहीर केला. रशियाला एक न्याय आणि इस्रायलला दुसरा, हा आक्षेप तेथल्याच लोकांनी घेतला. तेव्हा एका मंडपात गेले की पुण्य आणि दुसऱ्यात गेले की पाप, अशी सोपी वाटणी करता येत नाही. भारताने आपल्या विचाराने कोणत्याही मंडपात जावे. मात्र आपण कोणाच्या मंडपात जात आहोत आणि का, हे त्याने आपल्या नागरिकांना सांगून जावे. अलिप्तता म्हणजे मौन नव्हे.

आणि जाताना कोणाचा आवाज घेऊन जावे? खरा प्रश्न येथे आहे. या निवडीसाठी देशाने ऐकलेली, देशाने पाहिलेली, हरणाऱ्यालाही मान्य व्हावी अशी स्पर्धा आपल्याकडे झाली नाही. स्वीडनमध्ये युरोव्हिजनचे गीत निवडण्यासाठी आठवडेच्या आठवडे शहरोशहरी फेऱ्या होतात आणि सारा देश त्या पाहतो. इटलीतील सानरेमोचा गीतमहोत्सव १९५१ पासून चालू आहे. तो तर युरोव्हिजनहूनही जुना आहे. तेथे परदेशी जाणारे गाणे आधी घरच्या उंबरठ्यावर पारखले जाते. आमच्याकडे मात्र देशाचे नाव लागल्यावर गाणे तयार होते, आणि ते आपले आहे हे देशाला मागाहून कळते. कित्येकदा कळतही नाही.

कोणी म्हणेल, अशा गोष्टी जाणत्या अधिकाऱ्यांवर सोपवाव्यात. गर्दीला गाण्यातले काय कळते? हा प्रयोग आपल्या देशाने एकदा करून पाहिला आहे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर हे नभोवाणी मंत्री झाले. हा मराठी मंत्री संगीताचा खरा जाणकार होता. आकाशवाणीवर अभिजात संगीताला त्यांनी जे मानाचे स्थान दिले, त्याबद्दल देशाने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे. परंतु चित्रपटगीतांवर त्यांनी टाच आणली, तेव्हा श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची कळ फिरवून रेडिओ सिलोन लावला! घरच्या नभोवाणीने दार लावले म्हणून गाणे समुद्रापलीकडून आले. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला श्रोत्यांकडे परत यावे लागले. जाणकाराचा कान अवश्य हवा, पण श्रोत्याचा कान कापून नव्हे, हा त्या अनुभवाचा धडा आहे.

रशियाशी भारतीय गाण्याचे जे खरे नाते जडले, तेही कोणत्याही कचेरीने जुळविलेले नाही. राज कपूर यांचा ‘आवारा’ १९५४ साली सोव्हिएत रशियात झळकला आणि त्याचे शीर्षकगीत तेथील सामान्य माणसाच्या ओठी बसले. ते लिहिणारे शैलेंद्र माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात नोकरी करीत होते. यंत्राच्या घरघरीत ज्याचे दिवस गेले, त्या माणसाचे शब्द मॉस्कोच्या रस्त्यावर गायिले गेले. आणि आमचे अण्णाभाऊ साठे! वाटेगावहून मुंबईस आलेला, गिरणीत राबलेला हा शाहीर १९६१ साली रशियास जाऊन आला आणि त्या प्रवासाचे पुस्तक त्याने मराठीला दिले. २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोतील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्याचा पुतळा बसविण्यात आला. इंटरव्हिजनचे दिवे मॉस्कोजवळ लागले, त्याच्या अगदी तीन वर्षे आधीची ही गोष्ट. शैलेंद्र काय किंवा अण्णाभाऊ काय, त्यांना देशाचे प्रतिनिधी म्हणून कोणी नेमले नव्हते. आधी आपल्या माणसांनी त्यांना आपले म्हटले. जगाने ते नंतर मान्य केले. हा क्रम उलटा करून चालत नाही.

व्हिएतनामच्या विजयातही हेच दिसते. तेथल्या गायकाने परक्यांच्या चालीची उसनवारी केली नाही. शत्रूला पिटाळून लावणाऱ्या बालवीराची, तेथील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेली आख्यायिका त्याने गाण्यात आणली आणि बाजी मारली.

उलट, माणसांकडे पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या गीतमहोत्सवाचे काय होते, हे इंटरव्हिजनच्याच जुन्या इतिहासात लिहिलेले आहे. १९७७ ते १९८० या काळात ही स्पर्धा पोलंडमधील सोपोत या समुद्रकाठच्या गावी भरत असे. १९८० च्या ऑगस्टमध्ये तेथे गाणी चालू होती, आणि लगतच्या ग्दान्स्क शहरात लेनिन यांच्या नावाच्या जहाज कारखान्यात हजारो कामगार संपावर बसले होते. त्या संपातून ‘सॉलिडॅरिटी’ ही संघटना जन्मास आली आणि पुढे पोलंडचे राज्यच तिने पालटले. रंगमंचावरून देशाच्या नावाने गाणारे होते. पण देशाचा आवाज त्या वेळी कारखान्याच्या फाटकावर होता. ती स्पर्धा त्यानंतर बंद पडली आणि कित्येक दशके कोणाला तिची आठवणही आली नाही. ज्या गावाची वस्तीच कारखान्यांभोवती उभी राहिली, त्या आमच्या गावाने हा प्रसंग विसरू नये.

कारण आमच्या या पट्ट्यात आवाजांची वाण नाही. एकीकडे देहू, दुसरीकडे आळंदी, आणि मध्ये भोसरी, निगडी, तळवडे, चाकण अशी यंत्रांची रांग. येथे मराठवाड्यातला आणि विदर्भातला मुलगा आहे, तसाच बिहारचा, उत्तर प्रदेशचा, ओडिशाचाही आहे. पाळी संपवून खोलीवर आल्यावर हे सारे आपापल्या भाषेत गातात. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांसाठी भजनाच्या आणि नाटकाच्या स्पर्धा भरविते. दिवसा यंत्रावर उभा राहणारा माणूस संध्याकाळी तेथे पखवाजावर बसतो. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. शंभरावे मराठी नाट्यसंमेलन २०२४ च्या जानेवारीत याच नगरीने भरवून दाखविले. कंठ आहे, श्रोता आहे, रंगमंचही आहे. नाही तो फक्त येथून वर जाणारा जिना. कामगारांच्या भजन स्पर्धेत पहिला आलेला गायक जास्तीत जास्त एक ढाल घेऊन घरी जातो. देशाच्या नावाने गाण्याचा हक्क आपल्यालाही असू शकतो, हे त्याच्या स्वप्नातही येत नाही. कारण ती वाट कोठून निघते हे त्याला कोणी सांगितलेलेच नाही.

इंटरव्हिजनची पुढील स्पर्धा सौदी अरेबियात भरविण्याचे मॉस्कोतच जाहीर झाले. अशा स्पर्धांना भारताने जावे की न जावे, याचा निर्णय सरकारने करावा आणि त्याची कारणे उघडपणे सांगावीत. जावयाचे ठरल्यास निवड जाहीर व्हावी. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांची केंद्रे देशभर पसरलेली आहेत. जिल्ह्यापासून राज्यापर्यंत आणि राज्यापासून दिल्लीपर्यंत अशी गीतस्पर्धा घेणे त्यांना अशक्य नाही. तीत देशातील कोणत्याही भाषेचे गाणे चालावे. निम्मे गुण जाणकारांनी द्यावेत, निम्मे श्रोत्यांनी. श्रोत्यांच्या मतात पैशाचा आणि प्रसिद्धीचा शिरकाव होतो, हा आक्षेप खोटा नाही; म्हणूनच जाणकारांचे निम्मे गुण आम्ही मागत आहोत. परीक्षक कोण होते आणि कोणाला किती गुण पडले, हे दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध व्हावे. यात अपार खर्च नाही. लागते ती एवढीच तयारी, की दिल्लीला जे ठाऊक नाही ते भोसरीला ठाऊक असू शकते, हे मान्य करण्याची.

चाकणला तयार झालेली मोटार परदेशी जाणाऱ्या जहाजावर चढण्यापूर्वी तिचा प्रत्येक भाग तपासला जातो. तपासणीच्या त्या कागदावर सही करणारा माणूस कोण, हे विचारले तर सांगता येते. देशाचे नाव घेऊन जाणाऱ्या गाण्यावर सही कोणाची आहे, हे विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे. तो त्यांनी बजावावा आणि सरकारने त्याचे उत्तर द्यावे. गाणे हरले तरी चालेल. पण ते आपले आहे, हे आपल्याला आधी ठाऊक असले पाहिजे.