मामा, लंडनला मास्टर्स करू का?



गेल्या महिन्यात नाशिकहून भाचीचा फोन. बी.आर्क.चं शेवटचं वर्ष चालू आहे. "मामा, लंडनला मास्टर्स करायचंय. मग तिकडेच तीन-चार वर्षं प्रॅक्टिस. बाबा फ्लॅट तारण ठेवून लोन काढायला तयार आहेत. हो म्हणू ना?"

मी पडलो आयटीवाला. फोन सरळ बायकोच्या हातात दिला, कारण आमच्या घरात खरी आर्किटेक्ट ती. दोघींचं तासभर बोलणं झालं. त्यातून मला जे उमगलं आणि गेली दहा-बारा वर्षं हाउन्सलोच्या या घरात बसून जे पाहिलं, ते मांडतोय. तुमच्याही भाचरांचे, पुतण्यांचे असे फोन येत असतीलच.

आधी एक गंमत. माझ्या हुद्द्यात 'सोल्यूशन आर्किटेक्ट' असं लिहिलंय. मला धड खुर्चीचं चित्र काढता येत नाही. बायकोने पुण्यात पाच वर्षं रात्री जागून शीट्स काढल्या, मॉडेलं चिकटवली, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी केली. आणि इथे आल्यावर तिला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायची कायद्याने बंदी! इथल्या १९९७ च्या कायद्यानुसार आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या (एआरबी) पटावर नाव असल्याशिवाय तो शब्द लावून व्यवसाय करता येत नाही. त्यात जहाजांचे, बागांचे आणि चक्क गोल्फ कोर्सचे आर्किटेक्ट यांना नाव घेऊन सूट दिली आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचा उल्लेख नाही, पण आम्हाला कोण विचारतो?

नकाशे काढायला मात्र कोणालाही मुभा आहे. संरक्षण फक्त नावाला. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्याचं तेच. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा कायदा 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखतो, काम नाही.

तर बायकोने इथे आल्यावर आपण सगळे करतो तेच केलं. एक वर्षाचं मास्टर्स. विद्यापीठाचं नाव घेत नाही. माहितीपत्रकात 'व्यावसायिक जीवनाची उत्तम तयारी' असं छापलं होतं. डिस्टिंक्शन मिळालं, दीक्षान्त समारंभाचे फोटो पुण्याला गेले, आईने पेढे वाटले. पहिल्याच इंटरव्ह्यूमध्ये समोरच्या बाईंनी विचारलं, "हे ठीक आहे, पण तुमचं पार्ट वन, पार्ट टू कुठे आहे?"

इथली जुनी घडी अशी: तीन वर्षांची पदवी म्हणजे पार्ट वन, मग साधारण वर्षभर ऑफिस, दोन वर्षांचं मास्टर्स म्हणजे पार्ट टू, पुन्हा ऑफिस आणि शेवटी पार्ट थ्री. कमीत कमी सात वर्षं, प्रत्यक्षात बहुतेकांना जास्तच लागतात. बायकोचं एक वर्षाचं मास्टर्स यात कुठेच बसत नव्हतं. अभ्यासक्रम वाईट नव्हता. शहरांचा इतिहास, हवामान, घरांचं राजकारण असं बरंच ती शिकली. पण ती पदवी होती, परवाना नव्हे. पुढे पार्ट वन आणि पार्ट टू या दोन्हींसाठी बोर्डाच्या वेगवेगळ्या परीक्षा, पुण्यातल्या शीट्स खोक्यांतून मागवून पोर्टफोलिओ, परीक्षकांसमोर मुलाखती, मग पार्ट थ्री. २०२२ मध्ये नाव पटावर लागलं. तोवर ऑफिसात हुद्दा 'असिस्टंट'.

या सगळ्यात प्रॅक्टिस ती शिकली कुठे? हाउन्सलोमधल्या एका छोट्या ऑफिसात, खाली दुकान आणि वर चार टेबलं. आपल्या भागातली १९३०च्या सुमाराची सेमी-डिटॅच्ड घरं तुम्हाला माहीतच आहेत. प्रत्येकाला मागे एक्स्टेन्शन आणि वर लॉफ्ट हवा. साध्या नियमाने सेमीला मागे एकमजली ३ मीटर वाढवता येतं. शेजाऱ्यांना कळवून, कौन्सिलची पूर्वसंमती घेऊन ६ मीटरपर्यंत. सामायिक भिंतीला हात लावायचा तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला आधी नोटीस. लॉफ्टमध्ये खोली केली की खालपर्यंतचा जिना आगीपासून सुरक्षित हवा, म्हणजे दारं बदलणं आलं. पंजाबी आजोबांना "दारं कशाला बदलायची?" हे पटवणं आलं. बिल्डर म्हणतो "चलता है", तेव्हा सही न करणं आलं. तिने मला एकदा सांगितलं, की मास्टर्समध्ये 'तुझ्या डिझाइनमागचा विचार काय' असं शंभर वेळा विचारलं गेलं, पण 'हे कोसळलं तर जबाबदार कोण' असं कोणी एकदाही विचारलं नाही.

आमच्या धंद्यात चूक झाली तर पुढच्या आठवड्यात पॅच काढतो. भिंतीला सर्व्हिस पॅक नसतो! २०१७ च्या जूनमध्ये ग्रेनफेल टॉवर जळला तेव्हा आपण सगळ्यांनीच ते पाहिलं. ७२ माणसं गेली. २०२४ च्या अंतिम चौकशी अहवालात उत्पादक, ठेकेदार, सरकार यांच्याबरोबर आर्किटेक्टवरही ठपका आहे. बाहेरून लावलेलं आवरण किती ज्वालाग्राही आहे हे त्यांनी ओळखायला हवं होतं. आर्किटेक्टच्या शिक्षणात केलेले बदल पुरेसे आहेत का, हे पुन्हा तपासा, अशी शिफारसही अहवालात आहे. म्हणजे प्रॅक्टिसची तयारी हा वर्गात चघळायचा विषय नाही, त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

कोणी म्हणेल, मग मास्टर्स फुकटच का? तसं मुळीच नाही. आपल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे जे.जे.मध्ये शिकले, मग १९४०च्या दशकात हार्वर्डला ग्रोपियसच्या हाताखाली. परत येऊन त्यांनी आयआयटी कानपूर उभं केलं. त्या शिक्षणाने त्यांना नजर दिली यात शंकाच नाही. उलट बाजूला पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी. तेही जे.जे.चे. १९५० च्या सुमारास रिबाच्या परीक्षेची तयारी करायला इथे लंडनला आले आणि ते अर्धवट टाकून पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या ऑफिसात गेले. सुरुवातीचे महिने बिनपगारी! २०१८ मध्ये प्रित्झकर आणि २०२२ मध्ये त्याच रिबाचं रॉयल गोल्ड मेडल त्यांना मिळालं. सगळेच दोशी नसतात, मान्य. पण त्यांनी पुढे अहमदाबादला स्वतः शाळा काढली, म्हणजे शिक्षणावर त्यांचा राग नव्हता. नजर वर्गात मिळू शकते, हात मात्र कामावरच बसतो. दोन्ही लागतात, आणि एकाच्या पावतीवर दुसरं मिळत नाही.

इथल्या लोकांनाही हे कळायला वेळ लागला. पूर्वी इथे उमेदवारी असायची, पोरगा ऑफिसात राहून शिकायचा. १९५८ च्या ऑक्सफर्ड परिषदेनंतर सगळा भर विद्यापीठावर गेला. आता काटा परत फिरतोय. २०१५ मध्ये लंडन स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू झालं, तिथे मास्टर्सच्या पहिल्या वर्षी विद्यार्थी आठवड्यातले काही दिवस ऑफिसात पगारावर काम करतात. २०१८ पासून आर्किटेक्टची अप्रेंटिसशिप आली, पण जानेवारी २०२६ पासून त्या पातळीच्या अप्रेंटिसशिपला सरकारी पैसा मुख्यतः २१ वर्षांपर्यंतच्यांनाच. एवढ्या वयात या पातळीला पोचतो कोण? एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्याने लावायचं, यात इथलं सरकार आपल्या सरकारच्या तोडीस तोड आहे. :-)

बोर्डाने २०२३ मध्ये नवी घडीही जाहीर केली: पार्ट वनची सक्ती जाणार, मास्टर्सच्या पातळीची योग्यता आणि प्रत्यक्ष कामाची योग्यता या दोनच गोष्टी तपासणार. आपल्या मुलांसाठी ही चांगली बातमी आहे, कारण पूर्वी इथला पार्ट टू करूनही पार्ट वनपाशी गाडी अडायची. पण मान्यता अभ्यासक्रमागणिक मिळते आणि बदल टप्प्याटप्प्याने होतोय. 'नवे नियम आलेत' एवढ्या ऐकीव भरवशावर फ्लॅट तारण ठेवू नये.

तर भाचीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं ते असं. विद्यापीठाला ईमेल करून तीन प्रश्न विचार आणि उत्तर लेखी घे. एक: नेमका हाच अभ्यासक्रम आज एआरबीमान्य आहे का? नावावर जाऊ नकोस, एकाच इमारतीत शेजारशेजारी चालणाऱ्या दोन मास्टर्सपैकी एक मान्य आणि एक अमान्य असू शकतं. दोन: माझ्या भारतीय बी.आर्क.वर हे करून मी पटावर जायला आणखी काय काय लागेल? तीन: अभ्यासात प्रत्यक्ष ऑफिसातलं काम किती आणि ते शोधून कोण देणार?

आणि व्हिसाचं गणित मांड. पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा असायचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठरा महिनेच. पार्ट थ्रीसाठी वर्षानुवर्षं दोन वर्षांचा अनुभव मागत आले आहेत. नियम काहीही होवोत, अठरा महिन्यांत नोकरी शोधून, काम शिकून, स्पॉन्सर मिळवणं सोपं नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर तिने आधी दोन वर्षं नाशिक-पुण्यात साइटवर घालवावीत. तिथे बी.आर्क. झालं की नोंदणी होते, एम.आर्क. प्रामुख्याने पुढे शिकवायचं असेल तर लागते. सिमेंटमध्ये चप्पल रुतली, गवंड्याशी हुज्जत घातली, चुकलेला जिना फोडताना पाहिला, की मग मास्टर्समध्ये काय विचारायचं ते आपोआप कळेल. बायकोला हे पूर्ण पटत नाही. ती म्हणते, "दोन वर्षांत लग्नाचं बघायला लागतील, मग येतेय कसली?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. ताईला मात्र मी निक्षून सांगितलंय, की लोनपेक्षा आधी त्या विषयाला कुलूप घाल.

असो. भाचीने ईमेल पाठवले आहेत. तीनपैकी एका विद्यापीठाचं सरळ उत्तर आलं, एकाने नवं माहितीपत्रक पाठवलं, तिसरं अजून गप्प आहे. मला वाटतं, निम्मा निर्णय तिथेच झाला.

चूकभूल द्यावी घ्यावी. ज्यांनी हा रस्ता स्वतः तुडवलाय त्यांनी माझा कान जरूर पकडावा.

आपला,
हाउन्सलोचा (बिनपरवान्याचा) आर्किटेक्ट