बोटभर मासा, चार फुटांची जबाबदारी

वार्षिक परीक्षा संपली की मुलांच्या मागण्या सुरू होतात. कुणाला सायकल हवी, कुणाला मोबाईल, तर कुणाला फिश टँक. पालक सभेत अम्मी-अब्बू मला विचारतात, "मॅडम, मोबाईलपेक्षा मासे बरे ना?" बरेच म्हणायचे. मुलाला रोज वेळेवर दाणे टाकायची सवय लागते, एका बेजुबान जिवाकडे लक्ष द्यायची सवय लागते. पण कुठला मासा घरी आणायचा, हा प्रश्न दुकानात उभं राहून नव्हे, घरी बसून सोडवायचा असतो.

क्रॉफर्ड मार्केट असो की आपल्या तालुक्याच्या गावातलं दुकान, तीन मासे हमखास दिसतात. पहिला चंदेरी-काळा, सतत पोहणारा. त्याला दुकानदार 'शार्क' म्हणतो. दुसरा काचेला तोंड चिकटवून बसणारा 'सकर', हा टाकी साफ ठेवतो असं सांगून देतात. तिसरा लाल शेपटीचा, पांढऱ्या पोटाचा, लांब मिशांचा 'रेड टेल'. तिन्ही बोटभर, तिन्ही देखणे. आणि तिन्ही कॅटफिश, म्हणजे आपल्या शिंगाळ्याच्या आणि मागूरच्या गोतावळ्यातले.

या 'शार्क'चा खऱ्या शार्कशी काही संबंध नाही. तो मूळचा मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांतला पंगास. हॉटेलात 'बासा' म्हणून जो मासा ताटात येतो, तो आपल्याकडे बहुतेक वेळा हाच असतो. तळ्यात नीट खाऊ घातला तर वर्षभरात किलोभराचा होतो आणि पूर्ण वाढला तर चार फुटांच्या आसपास जातो. तो थव्याने राहणारा आणि भित्रा आहे. दिवा एकदम लावला, दार आपटलं की उधळतो आणि काचेवर नाक फोडून घेतो. रेड टेल ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांचा रहिवासी. तोही तीन-चार फूट होतो, आणि बरा सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. सकर त्या मानाने लहान, तरी दीड फुटापर्यंत पोचतो.

आता थोडं गणित करू. घरातली नेहमीची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे साडेचार घनफूट. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावतं, म्हणजे टाकीत जेमतेम 127 लिटर. एक फूट रुंदीच्या या टाकीत चार फुटांचा मासा वळणार कसा? आमच्या वर्गात मी मुलांना खडूने फरशीवर आधी ही टाकी काढायला लावली, मग तिच्या शेजारी पूर्ण वाढलेला रेड टेल. मासा टाकीपेक्षा लांब निघाला. पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. "मॅडम, हा तर झोपलेल्या माणसासारखा राहील," एक मुलगी म्हणाली.

"मग मोठी टाकी घेऊ," असं काहीजण म्हणतात. तेही मोजून पाहू. अशा माशाला मोकळं फिरायला वीस फूट लांब, आठ फूट रुंद आणि पाच फूट खोल हौद धरला, तर 800 घनफूट होतात. म्हणजे साडेबावीस हजार लिटरच्या वर, वजनात साडेबावीस टन. घराच्या खोलीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधतात. पाच फूट खोल पाण्याचा भार चौरस मीटरला दीड हजार किलो होतो. फ्लॅटमध्ये हे शक्यच नाही. जमिनीवर जागा, बांधकाम आणि वीज यांची सोय असेल तरच विचार करावा.

"टाकी लहान असली की मासा लहानच राहतो," हे वाक्य दुकानात सर्रास ऐकू येतं. त्यात अर्धंच सत्य आहे. कोंडलेल्या, घाण पाण्यात वाढ खुंटते खरी, पण ते आजारपण असतं. पाठीचा कणा वाकतो, अंगावर जखमा होतात आणि मासा त्याच्या वयाआधी मरतो. कुपोषणाने मुलाची उंची खुंटली तर "बरं झालं, कपडे पुरतील" असं आपण म्हणत नाही.

मोठ्या माशाचं खाणं जास्त, म्हणून घाणही जास्त. त्याच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू जम धरायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून टाकी आणली त्याच दिवशी मासे सोडले की ते पटापट मरतात. पुढेही दर आठवड्याला साधारण पाव भाग पाणी बदलावं लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते आधी घालवावं लागतं. जिथे नळ एक दिवसाआड येतो, तिथे या बादल्या कोण भरणार? हट्ट मुलाचा असतो, पैसे अब्बांचे असतात आणि बादल्या बहुतेक घरांत अम्मी उचलते. म्हणून निर्णयात तिचं मत सगळ्यात आधी विचारावं.

खाण्याचीही एक गोष्ट. बकरी ईदला फ्रीज भरलेला असतो तेव्हा या माशांना मटणाचे तुकडे टाकायचा मोह होतो. जनावराची चरबी माशाला नीट पचत नाही. तळाशी बसणाऱ्या गोळ्या, माशाचे किंवा कोलंबीचे तुकडे हे त्याचं खाणं. रेड टेल तोंडात मावेल ते गिळतो. सोबतचा लहान मासा गिळतो, तळाचे गोटेही गिळतो. त्याला हलवायची वेळ आली तर जाळी वापरू नये. कॅटफिशच्या परांना टणक काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि हातातही घुसतो. शिंगाळा साफ करणाऱ्या बायकांना हे सांगायला नको. मोठ्या टबात पाण्यासकटच उचलावा.

मासा टाकीत मावेनासा झाला की बहुतेक घरांत एक 'दयाळू' तोडगा निघतो: नदीत सोडून देऊ, बिचारा मोकळा होईल. हा तोडगा सगळ्यात घातक. असेच सोडलेले सकर मासे आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरले आहेत. त्यांच्या अंगावर हाडांचं कवच असतं, ते कोळ्यांची जाळी फाडतं. त्यांना बाजारात फारसा भाव नाही. ते काठात बिळं करतात, काठ ढासळतात. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निल्यो धरणात हे मासे इतके वाढले की तिथल्या तिलापिया मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांचा रोजगारच बुडाला. आपल्या घरातल्या एका माशाची सुटका म्हणजे दुसऱ्या कुणाच्या चुलीवर घाला. 2022 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन अशा परक्या, उपद्रवी प्रजातींवर नियंत्रणाचे अधिकार केंद्र सरकारला दिले आहेत, ते याच कारणाने.

घरात असा मासा आधीच असेल तर तो लहान आहे तोवरच हालचाल करा. जिथून घेतला त्या दुकानदाराला परत घ्यायला सांगा. मोठा बंदिस्त हौद असलेला एखादा शौकीन शोधा. तोवर पाणी वेळेवर बदला आणि वीज जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवा. नदी, विहीर, तलाव, गटार यांत मात्र सोडू नका.

मुलांना मिशांचेच मासे हवे असतील तर त्यांचा हिरमोड करायचं कारण नाही. कोरिडोरास नावाचे छोटे कॅटफिश दोन-अडीच इंचांचे राहतात. वर सांगितलेल्या तीन फुटी टाकीत ते सहाजण एकत्र, बारीक वाळूत नाक खुपसत मजेत राहतात. काचेला चिकटणाराच हवा असेल तर ब्रिसलनोज घ्या, तो पाच-सहा इंचांवर थांबतो. मात्र कुठलाही मासा टाकी साफ करत नाही. ते काम आपलंच.

दुकानात जाण्याआधी मुलाला तीन प्रश्न वहीत लिहायला लावा. हा मासा किती मोठा होतो? किती वर्षं जगतो? मी कॉलेजला दुसऱ्या गावी गेल्यावर याचं कोण करणार? उत्तरं त्यानेच शोधून आणावीत. सहावीतला मुलगा आज जो रेड टेल मागतो, तो मासा त्या मुलाच्या लग्नातही हजर असू शकतो, हे त्याला पैसे देण्याआधी कळलेलं बरं.