दुसऱ्या पायरीवरचे देश

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात. बर्फावरच्या हॉकीशी आपला संबंध लडाखपुरताच. त्यातही या खेळाच्या विश्वस्पर्धेत दुसऱ्या श्रेणीत कोण जिंकले, कोण हरले, याची फिकीर मराठी वाचकाने करावी असे वरकरणी काही कारण नाही. कॅनडा, स्वीडन, अमेरिका, फिनलंड हे बडे संघ पहिल्या श्रेणीत. कॅमेरे आणि प्रायोजकही तिकडेच. दुसऱ्या श्रेणीचे सामने बरेचदा एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात होतात आणि आठवडाभरात आटोपतात. तरीही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत युरोपचा नकाशा कसा फाटला आणि कसा शिवला गेला हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांबरोबर या स्पर्धेचे जुने निकालही चाळावेत, असे मला वाटते.

आधी व्यवस्था पाहू. पहिल्या श्रेणीत सोळा देश असतात, त्याखालच्या पायरीवर सहा. या पायरीचे अधिकृत नाव ‘डिव्हिजन वन, ग्रुप ए’. नावात ‘वन’ आणि ‘ए’ दोन्ही असूनही दर्जाने ती दुसरीच. सहाही संघ एकमेकांशी एकेकदा खेळतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाच सामने. पहिले दोन वर चढतात, शेवटचा खाली उतरतो. त्याखाली आणखी पायऱ्या आहेतच. अशी उतरंड हवीही. १९८७ साली पर्थमध्ये, सर्वांत खालच्या गटातसुद्धा, ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला ५८-० असे हरवले होते. अशा सामन्यात हरणाराही काही शिकत नाही आणि जिंकणाराही.

पाच सामन्यांत चार वर्षांच्या मेहनतीचा निकाल कसा लागतो, ते २०१८ साली बुडापेस्टमध्ये दिसले. अखेरच्या दिवशी ब्रिटनला वर जायला एक गुण पुरेसा होता. यजमान हंगेरी २-१ ने पुढे. सामना संपायला सोळा सेकंदसुद्धा उरली नसताना ब्रिटनने बरोबरी साधली. पुढे शूटआउटमध्ये ब्रिटन हरला, पण बरोबरीचा गुण खिशात घालून वर गेला, १९९४ नंतर प्रथमच. या संघाच्या देशाने १९३६ चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले होते, १९०८ साली पॅरिसमध्ये महासंघ स्थापन करणाऱ्यांत तो होता. पण घराणे मोठे म्हणून त्याला कुणी वरची पाटी राखून ठेवली नव्हती. दुसऱ्याच वर्षी कोशित्से येथे ब्रिटनने ०-३ अशा पिछाडीवरून फ्रान्सला ४-३ ने हरवले आणि फ्रान्सला खाली धाडले. फ्रान्सही संस्थापकांपैकीच.

घराण्याचा हा मुद्दा मी मुद्दाम काढला. कारण याच खेळात वारसाहक्काचा एक मोठा निवाडा झाला होता आणि तो सरळ नव्हता. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. संयुक्त राष्ट्रांत दोघांनीही नव्याने अर्ज केले आणि १९ जानेवारीला दोघेही सारख्याच मानाने सभासद झाले. जुन्या देशाची खुर्ची कोणालाच मिळाली नाही. बर्फावर मात्र ती मिळाली. चेक संघ ‘अ’ गटात तसाच राहिला आणि स्लोव्हाकियाची रवानगी थेट ‘क’ गटात झाली, जणू तिथल्या पोरांनी कालपरवाच स्केट पायांत घातले होते! १९९४ च्या फेब्रुवारीत लिलेहामर ऑलिंपिकमध्ये सहावा आलेला स्लोव्हाक संघ त्याच वर्षी ‘क’ गटात खेळला. त्याने तो जिंकला, १९९५ साली ब्रातिस्लाव्हात ‘ब’ गट जिंकला, १९९६ साली वर पोहोचला आणि २००२ साली अंतिम सामन्यात रशियाला ४-३ ने हरवून जगज्जेता झाला.

सोव्हिएत संघाचेही तसेच झाले. सुरक्षा परिषदेतली जागा रशियाने घेतली, हॉकीतलीही रशियानेच. लाटव्हिया, युक्रेन, कझाकस्तान, बेलारूस यांना तळातून सुरुवात करावी लागली. वस्तुतः लाटव्हिया १९३० च्या दशकात स्वतंत्र देश म्हणून विश्वस्पर्धेत खेळलेला होता आणि सोव्हिएत काळात रिगाचा दिनामो हा नामांकित क्लब होता. पण त्याने तक्रार करत बसण्यापेक्षा १९९३ साली ‘क’ आणि १९९६ साली ‘ब’ गट जिंकला. १९९७ पासून तो वरच आहे. २०२३ ची विश्वस्पर्धा युद्धामुळे सेंट पीटर्सबर्गहून काढून तांपेरे व रिगा येथे हलवण्यात आली आणि तिथेच लाटव्हियाने अमेरिकेला ४-३ ने हरवून कांस्यपदक मिळवले. त्याच रात्री तिथल्या संसदेने तातडीची बैठक घेऊन दुसऱ्या दिवशी देशाला सुट्टी दिली. साऱ्या देशाने आनंद साजरा करायला सुवर्णच लागते असे नाही.

अर्थात या पायरीवर सगळेच घामाने चढतात असे समजण्याचे कारण नाही. दक्षिण कोरियाने २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकसाठी कॅनडात घडलेल्या खेळाडूंना नागरिकत्व दिले आणि २०१७ साली कीव्हमध्ये युक्रेनला शूटआउटमध्ये हरवून प्रथमच पहिली श्रेणी गाठली. पुढच्या वर्षी डेन्मार्कमध्ये सातही सामने हरून तो परत खाली आला. पोलंड आणि ब्रिटन २०२३ साली नॉटिंगहॅमहून एकत्र वर गेले आणि २०२४ साली एकत्र खाली आले. गावोगाव बर्फाची मैदाने आणि त्यांवर वाढणारी मुले नसतील, तर वर जाणे म्हणजे लिफ्टने गच्चीवर जाऊन हवा खाऊन येण्यासारखे होते.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि महासंघाने रशिया व बेलारूस यांना स्पर्धांतून दूर ठेवले. त्यांच्या दोन जागा त्या वर्षी फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांना, दुसऱ्या पायरीवर एकही सामना न खेळता, मिळाल्या. पण मिळालेल्या जागेचे चीज करता येते. ऑस्ट्रियाने २०२५ साली उपांत्यपूर्व फेरी गाठली. फ्रान्स त्याच वर्षी घसरला.

आणि युक्रेन? २०१७ साली कीव्हमध्ये यजमान असतानाच तो दुसऱ्या पायरीवरून खाली गेला होता. २०२२ साली त्याला संघच उतरवता आला नाही. डोनेट्स्कमधले मैदान २०१४ सालीच जळाले होते. त्यानंतर डोनबास क्लबने जिथे आसरा घेतला, ते द्रुझ्किव्काचे बर्फाचे मैदान २ जानेवारी २०२३ रोजी क्षेपणास्त्राने उद्ध्वस्त केले. अशा देशाचा संघ २०२४ साली विल्नियसमध्ये गट जिंकून दुसऱ्या पायरीवर परतला आणि २०२५ साली रुमानियातल्या स्फिन्तू गेओर्गे येथे तिथेच टिकला. ते शहरही असे, की रुमानियात असूनही तिथे बहुसंख्य लोक हंगेरियन बोलतात. १९२० च्या तहाने सरहद्द त्यांच्या डोक्यावरून निघून गेली, ते जागच्या जागी राहिले. खाली गेला तो यजमान रुमानिया.

खरा प्रश्न रशियाच्या परतीचा आहे. महासंघाने बंदीला शिक्षा न म्हणता सुरक्षिततेचा उपाय म्हटले. हा शब्द जपून वापरलेला आहे. शिक्षा नसेल, तर परतताना जुनी जागा मागण्याचा हक्क शाबूत राहतो. खेळाडूंनी युद्ध पुकारले नाही, मग त्यांना का भरडायचे, हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. बलाढ्य संघाला खालच्या गटात सोडल्यास तिथल्या दुबळ्यांचा आठवडा वाया जाईल, हेही खरे. दुसऱ्या पायरीवर ठेवल्यास युक्रेनशी गाठ पडेल, ही अडचण तर सगळ्यांत मोठी.

तरीही महासंघ काय ठरवायचे ते ठरवो, माझे मत असे की वरची जागा कोणाच्याही नावाने राखून ठेवता कामा नये. युक्रेनशी गाठ टाळायची असेल तर आणखी खालून सुरुवात करावी. त्यात अपमान तो कसला? ज्याचा काहीही गुन्हा नव्हता, ज्याने शेजाऱ्यावर एक गोळी झाडली नव्हती, त्या स्लोव्हाकियाला याच महासंघाने तळापासून चढायला लावले होते. तेव्हा दुबळ्या संघांचा आठवडा वाया जाईल, ही चिंता आड आली नाही. स्लोव्हाकियाने दोन वर्षांत दोन पायऱ्या चढून दाखवल्या. रशियन संघ इतका बलवान असेल, तर त्यालाही दोनच वर्षे लागतील.